पीएचडीच्या प्रवेशाचा निकाल अडकला आहे, विद्यापीठाला मेल करावा का?

बोंडअळी_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कीटकशास्त्रात एम.एस्सी. झालो. विषय गुलाबी बोंडअळी. २०१७ साली घरच्या कपाशीचं कोणतंही बोंड फोडलं तरी आत अळी निघत होती, तेव्हापासून तो किडा डोक्यातून निघत नाही.

डिसेंबरात अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज केले. एका ठिकाणचा होकार आला आहे, फी माफ आणि टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात मदत करायची आणि त्याचे पैसे मिळायचे. उत्तर १५ एप्रिलपर्यंत द्यायचं. पण माझं मन दुसऱ्या ठिकाणी आहे. तिथले प्राध्यापक बीटी कपाशीतल्या अळीमारक प्रथिनांना अळी दाद का देत नाही यावरच काम करतात. जानेवारीत त्यांच्याशी व्हिडिओ कॉल झाला, चांगला झाला. ‘निर्णय कमिटीचा’ म्हणाले, आणि तेव्हापासून चिडीचूप. पोर्टलवर ‘अंडर रिव्ह्यू’. आज २० मार्च.

या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईन आहे. भुईमुगाला पाणी देता देता धुऱ्यावर बसून मेल रिफ्रेश करत असतो. चौकात रोज कोणी ना कोणी विचारतं, “लागला का नंबर?” बाबांचा प्रश्न तर वेगळाच. अमेरिकेने २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी आपल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. आता म्हणतात, “जिथं अळीच नाही तिथं जाऊन काय शिकशीन?”

मेल करावा का? केला तर प्राध्यापकांना की ऑफिसला? मागे लागलेला पोरगा वाटू नये एवढंच.

वऱ्हाडी_वारा

टाक ना बे मेल. फाशी देतेत का तुले? तलाठ्याकडं सातबाऱ्यासाठी चकरा मारतो तेव्हा लाज वाटते का? मंग इथं काऊन?

परतवाड्याची_ताई

भाऊ, मेल कर, पण त्याआधी पोर्टलवरची चेकलिस्ट एकदा नीट बघ. तिसरं शिफारसपत्र पोचलं का, टोफेलचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) अधिकृत स्कोअर लागला का, ट्रान्सक्रिप्टसमोर (गुणपत्रकासमोर) ‘मिळालं’ असं आहे का. काही बाकी असेल तर पहिला मेल त्याचाच. अर्धवट फाईल तशीच पडून राहते आणि बाहेरून ‘अंडर रिव्ह्यू’च दिसते.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टात पीएचडी केली, तेव्हा प्रवेश कमिटीत विद्यार्थ्यांची प्रतिनिधी होते, म्हणून आतलं सांगते. पहिल्या फेरीच्या ऑफर जानेवारी-फेब्रुवारीत जातात. ज्यांना गेल्या ते चारचार ऑफर धरून बसतात, १५ एप्रिलपर्यंत हलत नाहीत. तोवर खालची यादी जागची हलत नाही. मार्चअखेर ना होकार ना नकार, याचा अर्थ बहुतेक वेळा तू दुसऱ्या रांगेत आहेस. तुला टाकलेलं नाही. शिवाय कीटकशास्त्रासारख्या विषयात जागा ठरते ती प्राध्यापकाच्या ग्रँटवर, म्हणजे संशोधनाला मिळणाऱ्या निधीवर. पैसा हातात आला नाही तर मनात असूनही ते होकार देऊ शकत नाहीत.

आता तुझ्याकडे विचारायला खरं कारण आहे. ‘काय झालं हो माझ्या अर्जाचं’ असं विचारणं वेगळं, आणि ‘माझ्याकडे एक ऑफर आहे, १५ एप्रिलला उत्तर द्यायचं आहे, पहिली पसंती तुमच्याकडे आहे, निर्णय साधारण कधी कळेल’ हे वेगळं. दुसऱ्या मेलमधून त्यांनाही काहीतरी समजतं. पसंतीचं वाक्य मात्र खरं असेल तरच लिही, सगळ्यांना तेच चिकटवू नको. अर्ज क्रमांक, विभाग, आणि चार-पाच ओळी. आपल्याकडचा ‘सविनय अर्ज सादर करतो की’ हा थाट तिथे नको, आणि घरच्या अडचणी तर अजिबातच नको.

पाठवायचा विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला. विद्यापीठाचं मध्यवर्ती ग्रॅज्युएट स्कूल शिक्का मारतं, यादी विभाग करतो. प्राध्यापकांना वेगळा, त्याहून छोटा मेल. त्यात नवीन काही असेल, म्हणजे प्रबंधातला पेपर स्वीकारला गेला वगैरे, तर ते एक वाक्य टाक.

वेळेचं म्हणशील तर तुझी रात्रपाळी कामाची आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे गेली. त्यांच्या मध्य भागात सकाळचे १० वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. मोटर चालू करून मेल टाक, ऑफिसात बाई नुकतीच चहा घेऊन बसलेली असेल. आठवड्यात उत्तर नाही आलं तर एक फोन. त्यानंतर पुरे.

१५ एप्रिलबद्दल एक गोष्ट माहीत असू दे. काऊन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेचा त्या तारखेचा ठराव आहे, बरीच विद्यापीठं त्यावर सही करून बसलेली आहेत आणि त्यांची यादी काऊन्सिलच्या साइटवर मिळते. त्या ठरावाप्रमाणे आर्थिक मदतीच्या ऑफरला त्याआधी उत्तर द्यायची तुझ्यावर सक्ती नाही. त्याआधी हो म्हणून बसलास तरी १५ एप्रिलपर्यंत लेखी कळवून मागे घेता येतं. ‘आठ दिवसांत सांग’ असा कुणी दम दिला तर शांतपणे ठरावाची आठवण करून दे.

बाबांना सांग, तिथली अळी गेली कशी हेच तर शिकायचं आहे. बीटी कपाशी लावून वरून वांझ केलेले पतंग सोडले त्यांनी.

चिखली_ते_म्युनिक

ताईंशी पूर्ण सहमत नाही. मी जर्मनीत मास्टर्सला आलो. माझ्या विद्यापीठाच्या साइटवर सरळ लिहिलं होतं की अर्जाच्या स्थितीबद्दल विचारू नका. हजारो अर्ज आणि ऑफिसात मोजकी माणसं, तुमच्या मेलला उत्तर देण्यातच त्यांचा दिवस जातो. मी गप्प बसलो, पत्र आलं.

परतवाड्याची_ताई

साइटवर तसं लिहिलं असेल तर नुसत्या उत्सुकतेपोटी विचारू नये, हे बरोबर. पण मास्टर्सचे हजार अर्ज आणि पीएचडीच्या पाच-सहा जागा यांचं गणित एक नाही. दुसरी ऑफर हातात असल्याचं कळवणं म्हणजे स्थिती विचारणं नव्हे.

संत्रा_वरूड

ताई, मी एमएसला लागलो आहे, फंडिंग नाही. एक विद्यापीठ सीट राखायला डिपॉझिट मागतं, दुसऱ्याचा निकाल बाकी. तो १५ एप्रिलचा ठराव मला लागू होतो का? आणि बँकवाले म्हणतात आधी ऑफर लेटर आणा. वडिलांच्या नावावर सहा एकर संत्रा आहे, तो तारण चालेल ना?

परतवाड्याची_ताई

ठराव तुला लागू नाही, तो आर्थिक मदतीच्या ऑफरपुरता आहे. डिपॉझिट परत मिळतं का ते आधी वाच, मग तारीख वाढवून मिळेल का असा मेल कर. पुष्कळदा मिळते. कर्जाचं मला कळत नाही.

कर्जखिडकी

कर्जाचं मी सांगतो, त्याच टेबलावर बसतो. शिक्षणकर्जाला शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. बाग कितीही चांगली असो. कारण थकीत कर्जाच्या वसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा. त्याच्या कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीवरच्या तारणाला तो लागू नाही. कर्ज थकलं तर घर किंवा प्लॉट बँकेला कोर्टात न जाता विकता येतो, शेत येत नाही. लोक सातबारा घेऊन येतात, मी चहा पाजतो आणि एनए (बिगरशेती) प्लॉट कोणाच्या नावावर आहे का ते विचारतो. काकांचा असला तरी बघता येतं. गावातलं, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचं घर प्रत्येक शाखा घेईलच असं नाही, आधी विचारून घ्या. आणि ऑफर लेटरशिवाय मंजुरीपत्र निघत नाही. व्हिसाच्या कागदांना ते लागतं. म्हणून दुसऱ्या विद्यापीठाला हेही एका ओळीत लिहायला हरकत नाही, की कर्ज आणि व्हिसाला वेळ लागतो, तारीख कळली तर बरं.

बोंडअळी_दारव्हा

ताई, सोमवारी रात्री दोन्ही मेल टाकले. कोऑर्डिनेटरचं उत्तर झोपायच्या आत आलं. मी पर्यायी यादीत आहे, चित्र १० एप्रिलच्या आसपास स्पष्ट होईल, तोवर काही कळलं नाही तर मीच पुन्हा लिहावं, असं. प्राध्यापकांनी दोनच ओळी लिहिल्या: ग्रँटचा निकाल यायचा आहे, आला की सांगतो. म्हणजे तुम्ही म्हणाल्या तसंच.

पहिली ऑफर तोवर धरून ठेवतो. बाबांचं मत विचाराल तर, “ज्यानं हो म्हटलं त्याच्याकडं जा, मंग दुसरी पोरगी पाहू नोको.” हे माझ्या पीएचडीबद्दल होतं की लग्नाबद्दल, समजलं नाही.

वऱ्हाडी_वारा

दोन्हीबद्दल, गड्या.

परतवाड्याची_ताई

छान. १० ला लिही, १३ पर्यंत काही नाही आलं तर हातातली ऑफर घेऊन टाक. १५ च्या रात्रीवर ठेवू नको, तुमची लाईन गेली तर पोर्टल उघडायचं नाही.

बोंडअळी_दारव्हा

आणि समजा तिकडचं जमलं, तर पहिल्यांना नाही कसं कळवायचं? पोर्टलवर की मेलने?

परतवाड्याची_ताई

दोन्ही. पोर्टलवर ‘डिक्लाइन’चं बटण दाब आणि त्यांच्या कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा मेल टाक. त्याच दिवशी. त्यांच्याकडेही पर्यायी यादीत कोणीतरी बसलेलं आहे.