'रेन चेक' म्हणजे काय रे भाऊ? कॉलवरचं इंग्रजी डोक्यावरून जातंय

नाशिकचा_पोऱ्या: माझं शिक्षण मराठी मीडियममधलं, ग्रामर ठीक आहे, ईमेल पण लिहितो, पण आता क्लायंट अमेरिकेतले आलेत आणि ही मंडळी बोलायला लागली की शब्द सगळे कळतात, अर्थ मात्र शून्य. काल एकाला विचारलं, गुरुवारी डेमो ठेवू का, तर म्हणे 'आय विल टेक अ रेन चेक'. मला वाटलं तिकडे पाऊस पडतोय, मी आपलं 'स्टे सेफ' म्हणून मोकळा 🤦 सगळे हसले. वर 'बॉलपार्क फिगर' दे म्हणतात. लिस्ट पाठ करून पाहिली, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. तुम्ही कसं शिकलात?

चहाबाज: अरे ही सगळी बेसबॉलची पिल्लावळ. पावसाने मॅच रद्द झाली की प्रेक्षकांना पुढच्या मॅचला चालणारं तिकीट द्यायचे, तो रेन चेक, म्हणजे 'आज नको, पुन्हा कधीतरी'. बॉलपार्क म्हणजे मैदान, आकडा अगदी नेमका नको, मैदानाच्या आत पडला तरी बास. 'कर्व्हबॉल' टाकला म्हणजे आपला गुगली. आता 'त्याने गुगली टाकला' हे तरी क्रिकेट न बघणाऱ्याला कुठे कळणारे? लिस्ट फेकून दे, यूट्यूबवर एक बेसबॉल मॅच बघ.

लंडनवासी_कोल्हापूरकर: आमच्याकडे तर अजून मजा. 'टेबल' करू म्हटलं की ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घ्यायचा, अमेरिकेत तोच विषय बाजूला ठेवायचा! एकाच कॉलवर दोन्हीकडचे असले की बघायलाच नको. आणि इंग्रज 'क्वाइट गुड' म्हणाला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, बऱ्याचदा ते आपल्या 'बरंय' इतकंच असतं.

सासवडची_सून: मी सरळ विचारते बाबा, लाजायचं काय त्यात. आणि नुसता वाक्प्रचार लिहून ठेवत नाही, कोण कुठल्या गोष्टीवरून म्हणालं ते अख्खं वाक्य लिहिते, मग लक्षात राहतं. माझ्या मॅनेजरला मी 'कात्रजचा घाट दाखवला'चा अर्थ सांगायला बसले तर शाहिस्तेखानापासून सुरुवात करावी लागली, वीस मिनिटं गेली 😄

नाशिकचा_पोऱ्या: थांबा थांबा, म्हणजे तो डेमोला नाही म्हणाला?? मी गुरुवारचं इन्व्हाइट पाठवून बसलोय, टीमला सुट्टी पण घेऊ दिली नाही