जावयाच्या घराण्याचा मूळपुरुष: केंटकीतला १७८४ चा मोजणीचा कागद

साखळीवाला

नमस्कार मंडळी. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो त्याला सात वर्षं झाली. सध्या मुलीकडे आहे, केंटकीत, लेक्सिंग्टनला. थंडी मी म्हणतेय आणि टीव्हीवर बास्केटबॉलशिवाय दुसरं काही लागत नाही. जावई अमेरिकन. परवा व्याही जेवायला आले, त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुनाट झेरॉक्स काढली आणि म्हणाले, हे तुमच्या कामातलं दिसतंय.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मोजणीचा नकाशा! साल १७८४. स्टोनर क्रीक नावाच्या ओढ्यावर चारशे एकर. "पांढरा ओक आणि दोन हिकरी यांपासून सुरुवात, तिथून ३२० पोल एका मेपलपर्यंत, तिथून २०० पोल..." असं करत शेवटची बाजू "सुरुवातीच्या जागेपर्यंत", तिची लांबीच नाही. हद्दीच्या निशाण्या म्हणजे सगळी झाडं. दगड नाही, बुरूज नाही. बांधावरची एक बाभूळ भावकीनं रातोरात तोडली की काय रामायण होतं ते मी तीस वर्षं पाहिलंय. इथं अख्खा मुलूख झाडांच्या भरवशावर मोजलेला.

पोल म्हणजे काय ते आधी कळेना. जावयानं शोधून सांगितलं, साडेसोळा फूट. मग एकदम उजेड पडला. आपली साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. म्हणजे बरोबर दोन पोल! आपला गुंठा म्हणजे चार चौरस पोल. ३२० गुणिले २००, चौसष्ट हजार, भागिले १६०, चारशे एकर. साहेब एकच, साखळीही एकच. व्याही बघतच राहिले.

आता प्रश्न. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की मूळपुरुष जॉन हा १७७५ साली डॅनियल बून या नावाजलेल्या वाटाड्याबरोबर रस्ता तोडत केंटकीत आला आणि त्याबद्दल त्याला ही जमीन मिळाली. पण घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर जॉनचा जन्म १७७४ लिहिलाय आणि मृत्यू १८४१, पुटनम काउंटी, इंडियाना. वर्षाचं पोर कुऱ्हाड घेऊन कुठून येणार? आणि दहा वर्षांच्या पोराच्या नावावर चारशे एकर? १८१० च्या जनगणनेत क्लार्क काउंटीत याच नावाचे दोघं आहेत, एक पंचेचाळिशीच्या पुढचा, एक सव्वीस ते पंचेचाळीसमधला. घरातल्या बाकीच्यांची नावंच नाहीत, नुसते आकडे. हे बापलेक, चुलते-पुतणे, की नुसतेच नामबंधू? फेरफार, वारसनोंद असलं काही इथं मिळतं का? आडनाव लिहीत नाही, व्याह्यांना विचारलेलं नाही.

सिनसिनाटीची सून

काका, नमस्कार. मी मूळची कराडची. नवऱ्याच्या घराण्यामागे बारा वर्षं लागलेय, त्यामुळे तुमचं पोस्ट वाचून चपात्या तव्यावर करपल्या.

आधी त्या कागदाची पहिली ओळ नीट वाचा. "सेटलमेंट"चं सर्टिफिकेट म्हटलंय की "ट्रेझरी वॉरंट"? सगळं त्यावर आहे. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होती. १७७९ च्या कायद्यानं १ जानेवारी १७७८ च्या आधी तिथं घर करून मका पिकवलेल्यांना चारशे एकर आणि लागून हजार एकर विकत घेण्याचा पहिला हक्क मिळाला. त्यासाठी कमिशनर १७७९ च्या ऑक्टोबरपासून १७८० च्या एप्रिलपर्यंत हॅरड्सबर्ग, बून्सबरो अशा ठाण्याठाण्यांवर बसून साक्षी घेत होते. जॉन खरंच १७७५ चा असेल तर त्या वहीत नाव पाहिजे. ट्रेझरी वॉरंट म्हणजे मात्र निव्वळ खरेदी. शंभर एकरांना चाळीस पौंड भरा, कागद घ्या, वाटलं तर दुसऱ्याला विका. केंटकीचं तोंड न पाहिलेल्यांनीही घेतले होते.

वॉरंट (हक्काचा कागद), एंट्री (कुठली जमीन हवी त्याची नोंद), सर्व्हे (मोजणी), ग्रँट (सरकारी सनद) असे चार कागद प्रत्येक जमिनीचे. केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट, तिथल्या लँड ऑफिसनं बरेचसे स्कॅन करून फुकट ठेवलेत. चारही काढा, कुठल्या टप्प्यावर नाव बदललं ते दिसतं. एकाच जमिनीवर तीन-तीन दावे असायचे. खुद्द बूनच्याही जमिनी अशाच गेल्या, तो १७९९ मध्ये मिसुरीला निघून गेला.

जनगणनेवर फार अवलंबून राहू नका. १७९० आणि १८०० ची केंटकीची पानं राहिलीच नाहीत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली १८५० मध्ये, तुमचा जॉन नऊ वर्षांनी हुकला. खरा खजिना म्हणजे दरवर्षीच्या कराच्या याद्या. क्लार्कच्या १७९३ पासून पाहा. रकाने असे: जमीन किती, कोणत्या ओढ्यावर, कुणाच्या नावानं एंट्री, सर्व्हे, ग्रँट. मग एकवीसच्या वरचे गोरे पुरुष किती, सोळा ते एकवीसमधले किती, मग गुलाम, मग घोडे. ओढा आणि घोडे यांवरून दोन जॉन वेगळे काढता येतात. पोरगा एकवीसचा झाला की बापाच्या रकान्यातून जातो आणि स्वतःच्या नावानं, जमीन शून्य, घोडा एक, असा उगवतो. १७७४ चा जन्म असेल तर १७९५ ची यादी उघडा.

आणि एक. काउंटी तुमच्या तालुक्यांसारख्या फुटत गेल्या. आधी केंटकी काउंटी, १७८० मध्ये तिच्या तीन झाल्या, त्यांतली एक फेएट. १७८५ मध्ये फेएटमधून बर्बन, १७९२ मध्ये या दोघींतून क्लार्क. माणूस जागचा हललेला नसतो, दप्तर मात्र चार गावी असतं.

बोरूबहाद्दर

मी मोडीवाला, पेशवे दप्तरात डोळे घालवलेत. माझी एक भाची तिकडे असल्यामुळे या याद्याही वाचल्यात. दोनच गोष्टी. "जेएनओ" असं लिहिलेलं दिसेल, तो जॉनच, आपल्या रा. रा. सारखी लेखकाची सवय. आणि सीनियर-ज्युनियर याचा अर्थ बापलेक असा काढू नका. एका गावात एका नावाचे दोघं असले की वयानं मोठा तो सीनियर. आपल्याकडचे थोरले सदू, धाकटे सदू. थोरले वारले की धाकटे आपोआप थोरले होतात आणि वाचणारा खड्ड्यात पडतो.

काका, नकाशाखाली सह्या कुणाच्या आहेत?

साखळीवाला

बोरूबहाद्दर, तुम्ही बरोबर नस पकडलीत. मी नकाशा पाहिला आणि खालची ओळ पाहिलीच नाही, एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं. तळाशी मोजणीदाराची सही, आणि बाजूला "साखळी धरणारे" म्हणून दोन नावं. त्यातला एक सॅम्युअल, आडनाव तेच!

आता साखळी धरायला कोण येतं ते मला विचारा. आम्ही मोजणीला गेलो की खातेदाराचा भाऊ नाहीतर पोरगा. एक तर मजुरी वाचते, दुसरं म्हणजे साखळी शेजाऱ्याच्या बाजूला ढिली सोडता येते. तर १७८४ मध्ये थोरल्या जॉनच्या घरचा एक माणूस तिथं रानात हजर होता. हे कुठल्याही जनगणनेत नाही.

पहिली ओळ वाचली. ट्रेझरी वॉरंट. म्हणजे खरेदी. कमिशनरच्या वहीतही नाव नाही. बूनची गोष्ट गेली. व्याही हिरमुसले. त्यांना म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, आमच्या जिल्ह्यात प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष प्रतापगडावर हजर होता. एवढी माणसं असती तर अफझलखान वाईलाच परत फिरला असता.

याद्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मिळाल्या. १७९४: जॉन, चारशे एकर, स्टोनर, सोळा ते एकवीस एक, घोडे सहा. त्याच तारखेला सॅम्युअल, दीडशे एकर, स्टोनर, सोळा ते एकवीस एक. १७९५: जॉनचा रकाना शून्य, सॅम्युअलचा अजून एक, आणि नवा जॉन, जमीन नाही, घोडा एक. माझ्या मते लागला निकाल. धाकटा जॉन थोरल्याचाच.

सिनसिनाटीची सून

काका, जवळजवळ. कर घेणारा दारोदार फिरायचा, त्यामुळे एकाच तारखेची दोन नावं म्हणजे बहुधा शेजारी. ते छान झालं. पण रकान्यातला तो "एक" पोरगाच असेल असं नाही, पुतण्या असू शकतो, कामाला ठेवलेला असू शकतो. कोर्टात उभं राहील असा कागद हवा. थोरला वारल्यावर जमिनीचं काय झालं? मृत्युपत्र नसेल तर वारसांचं खरेदीखत शोधा. कुणी इंडियानाला, कुणी मिसुरीला गेलेले असतात आणि आपापला हिस्सा विकून टाकतात. फॅमिलीसर्चवर आता हस्तलिखित खतांतले शब्दही शोधता येतात. आडनाव आणि स्टोनर टाका. थोरला १८३२ पर्यंत जगला असेल तर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पेन्शनचा अर्जही बघा. त्या वर्षीच्या कायद्यानं म्हाताऱ्यांना भर कोर्टात जन्म कुठला, कुठून कुठं राहायला गेलो, सगळं सांगावं लागायचं.

मॅडिसनचा मावळा

मी विस्कॉन्सिनला. इथल्या हिस्टॉरिकल सोसायटीत लायमन ड्रेपरनं जमवलेली कागदपत्रं आहेत. त्यात शेन नावाच्या पाद्र्यानं १८४० च्या दशकात केंटकीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बसवून घेतलेल्या मुलाखतीही आहेत. आडनाव खाजगीत कळवा, मायक्रोफिल्म बघून देतो. अक्षर भयंकर आहे, आणि त्यातला प्रत्येक म्हातारा बूनला ओळखत होता, एवढं धरून चाला.

स्पष्टवक्ता

काका, राग मानू नका. आपल्या घराण्यांच्या नोंदी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत वाळवी खातेय आणि तुम्ही गोऱ्यांचे पूर्वज खणताय. बरं, ती जमीन मुळात शॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची शिकारीची. ते कुठल्या उताऱ्यावर आहे?

साखळीवाला

त्र्यंबकेश्वरच्या वहीत वडिलांच्या दिवसांना मी सही करून आलोय, पाच पिढ्या वाचल्यात. तिथलं काम झालंय म्हणून इथलं हाती घेतलं. वेळ आहे हो माझ्याकडे.

शॉनींचं म्हणाल तर कुठंच नाही. मुलीकडून थोडं वाचून घेतलं. बूनला पाठवणाऱ्या हेंडरसनच्या कंपनीनं १७७५ मध्ये चेरोकी या दुसऱ्याच जमातीकडून खरेदी केली, शॉनींना कुणी विचारलंच नाही. सामाईक मिळकत एका हिस्सेदारानं परस्पर विकावी तसं. पुढं व्हर्जिनियानं ती खरेदीच रद्द धरली आणि जमीन स्वतःच वाटली. असली प्रकरणं आमच्या ऑफिसात आली की आम्ही फाइल बाजूला ठेवायचो. १७८४ साली ठेवणारं कुणी नव्हतं.

आणि तुम्ही विचारलं नाही ते पण सांगतो. १७९४ च्या यादीत घोड्यांच्या शेजारच्या रकान्यात थोरल्या जॉननं तीन गुलाम लिहिलेत. नावं नाहीत. काल वारसाच्या कागदांत त्याच्या जंगम मालाची १८२३ ची यादी सापडली, तिथं नावं आहेत. वर तांब्याची किटली, खाली राखाडी घोडी, मध्ये दोन माणसं आणि एक लहान मुलगी, प्रत्येकापुढे डॉलर. जप्तीचे पंचनामे मी पुष्कळ पाहिलेत, असला पाहिला नव्हता. व्याह्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग पेन काढून ती तिन्ही नावं स्वतः उतरवून घेतली.

सिनसिनाटीची सून

ती नावं वंशवृक्षाला नक्की जोडा काका, मालकाचं आडनाव आणि काउंटीसकट. गुलामगिरीतल्या बहुतेक लोकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. त्यांचे वंशज मागे जाताना असल्याच याद्या शोधत असतात.

साखळीवाला

जोडली. आणि खत सापडलं! १८२५, क्लार्क काउंटी. थोरल्या जॉनचे सहा वारस. त्यांतला एक, "जॉन आणि त्याची बायको, राहणार पुटनम काउंटी, इंडियाना", आपला अविभक्त सहावा हिस्सा भावाला विकतोय. बायकोचं नाव बायबलातलंच, अक्षर न अक्षर. तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारलं, ती राजीखुशीनं हक्क सोडते आहे, असंही खाली लिहिलंय. आपल्याकडे बहिणींची हक्कसोडपत्रं इतकी चौकशी न करता होतात.

म्हणजे धाकटा जॉन थोरल्याचा पोरगा, सॅम्युअलचा नव्हे. सॅम्युअल कोण ते अजून बाकी आहे. मावळा, आडनाव खाजगीत पाठवलंय, व्याह्यांनी आनंदानं परवानगी दिली.

खतातल्या चतुःसीमा १७८४ च्या नकाशाबरोबर ताडून पाहिल्या. सुरुवात तीच, पांढरा ओक आणि दोन हिकरी. फक्त पुढं लिहिलंय, ओक पडला, जागी दगड रोवला. शनिवारी व्याही, जावई आणि मी तो दगड बघायला चाललोय. जागा आता एका घोड्यांच्या फार्ममध्ये येते, मालकाला जावयानं फोन केलाय. दुकानात साखळी मिळाली नाही, शंभर फुटी टेप घेतलाय.