प्रिंटएफने बग शोधणं हा अडाणीपणा?

शाईची दौत
काल रानवारा यांनी लिहिलं, 'सी शिकताना जागोजागी प्रिंटएफ टाकणं हा अडाणीपणा, सरळ जीडीबी उघडा.' वाचून राहवलं नाही. (सी ही प्रोग्रामिंगची भाषा, प्रिंटएफ ही तिच्यात पडद्यावर मजकूर छापायची आज्ञा, जीडीबी हा प्रोग्राम मध्येच थांबवून आतल्या किमती दाखवणारा डीबगर.) मी वर्षानुवर्षं मुलांना सी शिकवते. व्हिजनेअर सायफर, म्हणजे की नावाच्या गुप्त शब्दातल्या एकेका अक्षराने मजकुराचं एकेक अक्षर पुढे सरकवणारी सांकेतिक लिपी, लिहिताना बहुतेकांची चूक एकच, मजकुरात स्पेस आली तरी कीचा इंडेक्स (कितवं अक्षर चालू आहे तो क्रमांक) पुढे सरकतो. की 'एबीसी' ठेवा, मजकूर 'एएए एएए' द्या. ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक अशी अक्षरांची बेरीज होते, त्यामुळे उत्तरात कीच छापून यायला हवी. 'एबीसी एबीसी'ऐवजी 'एबीसी बीसीए' आलं, तर स्पेसने एक अक्षर खाल्लं. याला डीबगर कशाला?

रानवारा
असहमत. चूक आधीच ठाऊक असलेल्यालाच ही युक्ती सुचते. मी एफगेट्सने (टाइप केलेली ओळ वाचणारं फंक्शन) की वाचत होतो. प्रिंटएफने छापून पाहिली, नीट दिसली. पहिली तीन अक्षरं बरोबर, चौथ्यापासून घोळ. दोन रात्री गेल्या. जीडीबीत की पाहिली तर शेवटी बॅकस्लॅश एन, म्हणजे नव्या ओळीची खूण, न्यूलाइन! लांबी मोजणारं स्ट्रलेन तीनऐवजी चार देत होतं.

चिंचेचा पार
मूळ दुखणं टर्बो सी हा जुनापुराणा कंपायलर आहे. आमच्या कॉलेजात २०१४ साली तोच निळा स्क्रीन, तेच एक कळ दाबायची वाट पाहणारं गेटसीएच. २०११ च्या सी मानकातून गेट्स (लांबीची मर्यादा न पाहता ओळ वाचणारं फंक्शन) काढून टाकलं, जर्नलात मात्र तेच लिहायचं. तोंडी परीक्षेत 'व्हॉइड मेन (मुख्य फंक्शनने काहीच उत्तर परत न देणं) चूक आहे' म्हणालो, तर मार्क कापले. अजून राग येतो.

रानवारा
+१. १६ बिटांचा इंट (पूर्णांक साठवायचा जुना, तोकडा प्रकार) घेऊन मुलं नोकरीला लागायची.

शाईची दौत
टर्बो सीला नावं ठेवू नका. एफ७ दाबून एकेक ओळ चालवायची, कंट्रोल-एफ७ ने वॉच लावायचा, म्हणजे किंमत कशी बदलते ते दिसतं. खेड्यातल्या मुलांनाही ते जमायचं.

रानवारा
अहो ताई, मग तोही डीबगरच झाला! तुम्ही स्वतः तेच शिकवलंत आणि आम्हाला प्रिंटएफ सांगता?

शाईची दौत
आवाज चढवू नका. न्यूलाइनचा मुद्दा मान्य, नुसत्या प्रिंटएफने ती दिसत नाही. पण कीभोवती चौकटी कंस छापा, बंद होणारा कंस खालच्या ओळीत गेला की कळतं. आणि डिक्रिप्ट करताना सीमध्ये -३ % २६ चं (२६ ने भागून उरणारी बाकी) उत्तर -३ च येतं. तिथे आधी २६ मिळवायचे, हे डीबगर सांगणार नाही.

रानवारा
उणं उत्तर वॉचमध्ये दिसतं की. तरी कंसांची युक्ती घेतो. 'अडाणीपणा' हा शब्द मागे. जीडीबीचा सल्ला कायम.

चिंचेचा पार
पण जर्नलाचं कोणी बोलतच नाही. भाचीचं यंदाचं काल पाहिलं, त्यातही गेट्सच आहे.