नाकाबंदीवर गेलेल्या आमच्या जमादारांचे स्मारक : पुतळा, कमान की आणखी काही?

गंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या बाजूला गोदावरीच्या काठावर आहे. नदीला आम्ही गंगाच म्हणतो. आमच्या गावचे एक पोलीस हवालदार, ज्यांना सारे गाव 'जमादार' म्हणत असे, दीड वर्षापूर्वी हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्यात रात्रीच्या नाकाबंदीवर असताना गेले. पहाटे अडीचच्या सुमारास वाळूचा एक टिप्पर बॅरिकेड उडवून आला. सोबतच्या होमगार्डला त्यांनी हाताने बाजूला लोटले आणि स्वतः मात्र चाकाखाली सापडले. तो होमगार्ड म्हणजे बावीस वर्षांचा पोरगा. तेराव्याला तो आला होता, मांडवाच्या खांबाला टेकून दोन तास उभा राहिला, पण पंगतीला काही केल्या बसला नाही.

अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले, हवेत फैरी झाल्या, बिगूल वाजला. तेव्हापासून गावाच्या मनात आहे की जमादारांची आठवण राहील असे काहीतरी करावे. मागच्या ग्रामसभेत विषय निघाला, तेव्हा तरुण मंडळाने फाट्यावरच्या चौकात पूर्णाकृती पुतळा उभारण्याची मागणी केली, सरपंचांनी वेशीवर कमान सुचवली, तर काहींनी जिल्हा परिषदेच्या शाळेला नाव देण्याचा आग्रह धरला. इथवर ठीक होते. पण मुक्तिसंग्रामात ज्यांच्या घरचा माणूस रझाकारांच्या गोळीला बळी पडला अशा एका वयोवृद्ध काकांनी विचारले, की वाहनाच्या धडकेत गेलेल्या माणसाला हुतात्मा कसे म्हणायचे? त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी खात्रीने सांगतो. तरीही सभा गप्प झाली आणि जमादारांचे थोरले भाऊ उठून निघून गेले.

यातून मार्ग काय काढावा, फलकावर नेमके काय लिहावे, आणि पुतळ्याचा हट्ट धरण्यात अर्थ आहे का, हे जाणकारांनी सांगावे. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे.

निवृत्त_अंमलदार

पोलीस दलात एकतीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांत, म्हणून लिहितो.

आधी त्या काकांच्या प्रश्नाचे. सरकारी कागदोपत्री 'शहीद' किंवा 'हुतात्मा' असा दर्जा पोलिसांनाही नाही आणि सैन्यालाही नाही. केंद्र सरकारने हे माहिती आयोगापुढे 2017 मध्ये स्पष्ट सांगितलेले आहे. 'कर्तव्य बजावत असताना मृत्यू' हीच कागदाची भाषा असते. त्यामुळे जमादार हुतात्मा होते की नव्हते, यावर गावाने मतदान घेण्याचे कारण नाही. आपल्या भागात हुतात्मा म्हटले की मुक्तिसंग्रामात बळी गेलेले अर्जापूरचे गोविंदराव पानसरे आठवतात, 17 सप्टेंबरचे झेंडावंदन आठवते. त्या शब्दावर जुन्या पिढीची एक मालकी आहे आणि ती मानावी. पण शब्द वेगळा वापरला म्हणून मान कमी होत नाही.

दल स्वतः काय करते ते पाहा. 21 ऑक्टोबर 1959 रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे, परत न आलेल्या सहकाऱ्यांच्या शोधात निघालेल्या तुकडीवर चिनी सैनिकांनी हल्ला केला आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 10 जवान मारले गेले. तेव्हापासून तो दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्यालयात कवायत मैदानावर 'शोक शस्त्र' होते आणि आदल्या वर्षाच्या 1 सप्टेंबरपासून त्या वर्षाच्या 31 ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावे वाचली जातात. त्या यादीत अतिरेक्यांशी आणि नक्षलवाद्यांशी लढताना पडलेले असतात, तसेच वाहतुकीच्या चौकात गाडीखाली आलेले शिपाईही असतात. नावे एकाच आवाजात, एकाच ओघात वाचली जातात. उन्हात उभे राहून ती यादी मी अनेकदा ऐकली आहे. ती बराच वेळ संपत नाही, आणि आपल्या ओळखीचे नाव आले की माणूस नकळत टाचा आवळतो.

आणखी एक. तुकाराम ओंबळे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कशासाठी उभे होते? नाकाबंदीसाठीच. हातात फक्त लाठी होती आणि त्यांनी समोरच्याची एके-47 नळीला धरून ठेवली, म्हणून कसाब जिवंत सापडला. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. येणाऱ्या गाडीत कोण बसले आहे हे नाकाबंदीवरच्या माणसाला ठाऊक नसते. वाळूवाला असेल, दारू प्यालेला असेल, नाहीतर कसाब असेल. हात आडवा करावाच लागतो. काकांना एवढे सांगून पाहा, ते समजून घेतील असे वाटते.

फलकावर बक्कल नंबर मात्र विसरू नका. नाव घरचे असते, बक्कल नंबर दलाचा.

दप्तरदार

पुतळ्याविषयी थोडे रुक्ष लिहितो, राग मानू नये.

फाट्यावरचा चौक म्हणजे सार्वजनिक रस्ता. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तत्सम जागांवर पुतळा किंवा कोणतेही बांधकाम करण्यास राज्यांनी यापुढे परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. त्यामुळे चौकातला पुतळा हा विषय तिथेच संपतो. रातोरात बसवला तर काय होते, हे आपल्याकडे सांगायला नको: एका बाजूने जमाव, दुसऱ्या बाजूने बंदोबस्त, आणि त्या बंदोबस्ताला उभे कोण, तर जमादारांचेच सहकारी. ज्याने आयुष्यभर बंदोबस्त केला त्याच्याच पुतळ्यासाठी बंदोबस्त लागावा, यासारखी शोभा दुसरी नाही. कमान रस्त्यावरच येते, म्हणून तिलाही हाच अडथळा आहे. शाळेला नाव देण्यासाठी ग्रामसभेचा ठराव ही केवळ सुरुवात आहे. शाळा जिल्हा परिषदेची, तेव्हा निर्णयही तिचाच. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या, रस्त्यापासून हटून असलेल्या जागेवर साधा स्मृतिस्तंभ किंवा शिळा उभारणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

दोन चुका सर्रास होतात, त्या टाळाव्यात. अनावरणाच्या वेळी स्मारकावर तिरंगा पांघरतात आणि पाहुणे तो ओढून काढतात. ध्वजसंहितेप्रमाणे पुतळा अथवा स्मारक झाकण्यासाठी राष्ट्रध्वज वापरता येत नाही. 1971 च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्धच्या कायद्यातही ते बसत नाही. ध्वज लावायचा असेल तर वेगळ्या काठीवर सन्मानाने लावावा आणि शिळा झाकायला पांढरे कापड घ्यावे. दुसरी चूक मजकुराची. टिप्परचालकावरचा खटला चालू असेल तर 'वाळूमाफियांनी हत्या केली' असे दगडावर कोरू नका. निकाल लागायचा असताना गावाने निकाल कोरला, तर उद्या तोच मुद्दा कोणी वकील उचलील. 'बॅरिकेड तोडून आलेल्या वाहनाच्या धडकेने' हे खरे आहे आणि तेवढे पुरते.

दगडफूल

शिळेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझी सुटी वीरगळ पाहण्यात जाते आणि मराठवाडा त्या बाबतीत श्रीमंत आहे. आपल्या गावातही बहुधा असेल. मारुतीच्या पाराशी किंवा महादेवाच्या देवळामागे शेंदूर-तेलाने काळवंडलेला, अर्धा मातीत गेलेला, उभा कोरीव दगड असतो, त्यावर पोरे चढतात आणि आषाढात बाया पाणी घालतात. तोच.

त्याची रचना पाहिलीत तर आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडेल. सर्वांत खालच्या चौकटीत तो माणूस कसा पडला ते असते. त्याच्यावर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या असतात, सर्वांत वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, माथ्यावर कलश आणि बाजूंना चंद्र-सूर्य. यातले कितीतरी वीर राजांच्या लढायांत मेलेले नाहीत. गावची गुरे पळवून नेणाऱ्यांना अडवताना मेलेले आहेत, आणि तसे असेल तर खालच्या चौकटीत गायी कोरलेल्या दिसतात. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची नाकाबंदीच म्हणा. त्या माणसाला वीर म्हणावे की नाही, असा प्रश्न तेव्हाच्या गावाला पडलेला दिसत नाही. वेशीवर उभा राहिला, चोरांना आडवा गेला, पडला, दगड उभा केला.

पण वीरगळांची एक उणीव आहे, आणि ती मला दर वेळी खटकते. बहुतेकांवर एक अक्षरही नाही. माणूस कसा मेला ते स्पष्ट दिसते, पण कोण होता ते कायमचे गेले. आजकालच्या स्मारकांचे नेमके उलटे असते. नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली उद्घाटकांची, प्रमुख पाहुण्यांची, सदस्यांची, सौजन्याने देणाऱ्यांची नावे, आणि तो माणूस कसा गेला याबद्दल 'देशसेवा करताना' या दोन शब्दांपलीकडे काही नाही. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला त्यातून सरपंच कोण होते ते कळते.

माझी विनंती एवढीच, की शिळेवर त्या रात्रीची हकीकत लिहा. कुठे, किती वाजता, काय करत असताना, कोणाला वाचवताना. पाच-सहा ओळी पुरतील. मान्यवरांची नावे लिहायचीच असतील तर दगडाच्या मागच्या बाजूला लिहा (तिथे शेवाळ लवकर धरते, हा आणखी एक फायदा).

भरती_2024

मी त्याच बाजूच्या तालुक्यातला आहे, दोनदा पोलीस भरती दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिलो. आमच्या गावची पोरे पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर 1600 मीटरचा सराव करतात, कारण दुसरी जागा नाही, आणि त्याच रस्त्याने रात्रीचे टिप्पर परतत असतात. शिळा अवश्य उभारा. पण वर्गणी उरली तर गायरानाच्या कडेला, अर्थात रीतसर परवानगीने, मुरूम टाकून धावण्याची एक पट्टी करा आणि गोळाफेकीचे वर्तुळ आखा. त्याला जमादारांचे नाव देण्याचीही गरज नाही; पोरे आपोआप 'जमादाराच्या मैदानावर जातो' म्हणतील.

निवृत्त_अंमलदार

वरील सूचना मला फार आवडली. अनावरण 21 ऑक्टोबरला ठेवणार असाल तर एक ध्यानात घ्या: त्या दिवशी सकाळी सारे दल मुख्यालयातील परेडला असते, तेव्हा गावचा कार्यक्रम दुपारनंतर ठेवा. पोलीस अधीक्षकांच्या नावे किमान महिनाभर आधी अर्ज द्या आणि मानवंदनेसाठी तुकडी व बिगूलवादक यांची विनंती करा. बंदोबस्ताचा ताण नसेल तर आमच्या वेळी तरी सहसा नाही म्हणत नसत.

गंगाकाठ

सर्वांचे आभार. मधल्या आठ दिवसांत बरेच घडले, ते सांगतो.

वीरगळ खरोखरच निघाला. महादेवाच्या देवळामागे बाभळीच्या मुळाशी कंबरेइतका पुरलेला होता. आम्ही लहानपणी त्यावर चप्पल ठेवून नदीत उतरत होतो. माती काढली तर तळाशी चार गायी. ते काकाही बघायला आले होते. दगडफूल यांचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतः जमादारांच्या भावाच्या घरी जाऊन चहा घेऊन आले. पुतळ्याचा विषय तरुण मंडळाने सध्या मागे घेतला आहे. नाराजी आहे, मात्र मुरमाच्या पट्टीचे ऐकून निम्मी उतरली.

शिळेच्या मजकुराचा मसुदा घेऊन मी वहिनींकडे, म्हणजे जमादारांच्या पत्नीकडे गेलो. खरे तर सर्वांत आधी तिथेच जायला हवे होते. मसुदा असा होता: हुद्दा, नाव, बक्कल नंबर, तारीख, 'पहाटे अडीच वाजता नाकाबंदीच्या कर्तव्यावर असताना, बॅरिकेड तोडून आलेल्या वाहनापुढून सोबतच्या होमगार्डला बाजूला सारून वाचवताना मृत्यू', आणि पुढे त्या होमगार्डचे नाव व गाव. वहिनींनी दोनदा वाचला. त्या म्हणाल्या, बाकी सगळे राहू द्या, त्या लेकराचे नाव काढा. त्याने जन्मभर दगडावर वाचायचे का ते?

नाव काढले आहे. आता शिळा देवळाजवळ, वीरगळाच्या शेजारी ग्रामपंचायतीच्या जागेत उभी करायची असे ठरत आहे. मशीनवर कोरलेल्या ग्रॅनाइटपेक्षा काळ्या पाषाणात हाताने अक्षरे घडवणारा पाथरवट परभणी, नांदेड किंवा लातूरकडे कोणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवावे, आणि साधारण साडेतीन फूट उंचीच्या शिळेला किती दिवस लागतात तेही सांगावे.