मदत हवी आहे: हिरवा कोबी तडकतोय, लाल गड्डा धरेना, सॅव्हॉयला अळी

नमस्कार मंडळी,

यंदा बागेतल्या एकाच वाफ्यात तीन प्रकारचा कोबी लावलाय: नेहमीचा हिरवा, लाल आणि सुरकुतलेल्या पानांचा सॅव्हॉय. लागवड एकाच वेळी, खतपाणीही सारखंच, पण तिघांची तऱ्हा तीन.

हिरव्याचे गड्डे घट्ट भरलेत. मात्र मोठ्या पावसानंतर त्यातला एक वरून तडकला. चीर थेट आतल्या पांढऱ्या पानांपर्यंत गेलीय आणि तिच्यात पाणी साचतंय. बाकीचे शाबूत आहेत, पण सगळे एकदम काढले तर संपणार कसे? काही दिवस झाडावरच राखता येतील का?

लाल कोबीची मधली पानं आत्ता कुठे आत वळायला लागलीत आणि हवा तर तापू लागलीय. गड्डा धरेल ना?

सॅव्हॉयच्या पानांखाली बारीक हिरव्या अळ्या आहेत. बोट लावलं की वळवळत मागे सरकतात नि धाग्याला लोंबकळतात. सुरकुत्यांत दडल्या की वेचताही येत नाहीत. विषारी फवारणी अजिबात नको आहे. इतक्या मायेनं वाढवलेली रोपं आहेत, कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद

तडकलेला गड्डा आजच काढा, चिरेतून सड लागते. बाकीचे दोन्ही हातांनी धरून अर्धा वेढा पिळा, म्हणजे थोडी मुळं तुटतील. गड्डा भरल्यावरही मुळं पाणी ओढत राहतात, आतली पानं फुगतात आणि बाहेरची ताणून फाटतात. पिळल्यानं तो जोर ओसरतो. काढताना बुंधा आणि खालची पानं राहू द्या, बुंध्यावर फुलीसारखा छेद द्या. बाजूनं छोटे गड्डे येतात, आणि ते चवीला फार छान लागतात.

लाल कोबी मुळातच सावकाश. लवकर येणारा हिरवा लागवडीनंतर ६०-७० दिवसांत तयार होतो, लाल बऱ्याचदा ९० च्या पुढे जातो. गड्ड्याला १५ ते २० अंश हवा मानवते, २५ च्या वर तो सैल राहतो. म्हणून दुपारची सावली करा, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. बाहेरची मोठी पानं मात्र तोडू नका, गड्डा त्यांच्यावरच पोसतो.

अळी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची दिसते. बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) या अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची फवारणी संध्याकाळी करा, पानाच्या खालच्या बाजूनं. उन्हात तिचा असर लवकर जातो. पुढच्या वेळी कोबीच्या आधी कडेनं मोहरी पेरा, पतंग अंडी घालायला तिच्याकडे वळतो.

धागाकर्ती

मनापासून आभार! हिरवे पिळले, पण दुपारी बाहेरची पानं माना टाकतायत. पाणी वाढवू का?

प्रतिसाद

नको, नाहीतर पुन्हा तडकतील. संध्याकाळी पानं सावरतात का ते पाहा. सावरली नाहीत तर तेवढाच गड्डा काढून घ्या.