मदत हवी आहे: हमीभावाचा वर्षवार कॉलम चार्ट एक्सेलमध्ये उलटा येतोय

घाटंजीकर

नमस्कार मंडळी,

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची आमसभा तोंडावर आली आहे. मागच्या सहा हंगामांचे हमीभाव शेजारी-शेजारी दाखवणारा एक मोठा चार्ट भिंतीवर लावायचा आहे. गावात कॉम्प्युटर येणारा म्हणजे मी, त्यामुळे काम माझ्या गळ्यात. एक्सेल २०१६ आहे.

तक्ता असा आहे. वरच्या ओळीत वर्षं २०२०-२१ पासून २०२५-२६ पर्यंत, डाव्या रकान्यात पिकं. भाव रुपये प्रति क्विंटल:

कापूस लांब धागा: ५८२५, ६०२५, ६३८०, ७०२०, ७५२१, ८११०
कापूस मध्यम धागा: ५५१५, ५७२६, ६०८०, ६६२०, ७१२१, ७७१०
सोयाबीन: ३८८०, ३९५०, ४३००, ४६००, ४८९२, ५३२८
तूर: ६०००, ६३००, ६६००, ७०००, ७५५०, ८०००

मला हवंय असं: खाली कापूस, सोयाबीन, तूर अशी नावं आणि प्रत्येक नावावर सहा वर्षांचे सहा कॉलम. म्हणजे कास्तकाराला आपलं पीक पाहिलं की चढ लगेच कळतो. पण खाली वर्षं येतात आणि प्रत्येक वर्षावर चार पिकं उभी राहतात. गंमत म्हणजे गेल्या सभेला हाच तक्ता तीन वर्षांचा होता, तेव्हा काहीही न करता चार्ट बरोबर आला होता. आता काहून बिघडला?

शिवाय मध्यम धाग्याचे कॉलमच दिसत नाहीत, जागा रिकामी. ती ओळ आमच्या एका संचालकांनी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर भरून पाठवली होती. आणि पिकांची नावं तक्त्यात नीट मराठीत आहेत, चार्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांचा गिचमीड काला येतो. प्रिंट तालुक्याला काढावी लागेल, तिथं मोठा कागद फक्त काळ्या-पांढऱ्यात निघतो. तेही लक्षात घेऊन सांगा.

तक्तेवाली

चार्टवर क्लिक करा, वर डिझाइन टॅब येईल, त्यात ‘स्विच रो/कॉलम’. एका क्लिकचं काम आहे.

गेल्या वेळी आपोआप का जमलं त्याचंही कारण आहे. ओळी आणि रकाने यांत जे संख्येनं जास्त, ते एक्सेल खालच्या अक्षावर घेतं आणि जे कमी, त्यांच्या मालिका (म्हणजे एकेका रंगाचे कॉलम) करतं. तेव्हा पिकं चार, वर्षं तीन. पिकं खाली गेली. आता वर्षं सहा झाली, पिकं चारच राहिली, म्हणून पारडं फिरलं. तुम्ही काही बिघडवलेलं नाही.

एक आणखी: तक्त्याचा डावीकडचा वरचा कोपरा, जिथं ‘पीक’ असं काहीतरी लिहायचा मोह होतो, तो रिकामा ठेवा. तुमची वर्षं २०२०-२१ अशी आहेत म्हणून अडचण नाही, पण कोणी नुसतं २०२१, २०२२ लिहिलं तर एक्सेल वर्षालाच भाव समजून त्याचेही कॉलम काढतं. कोपरा रिकामा असला की ते शीर्षक आहे हे त्याला कळतं.

वाशीमचा मास्तर

मध्यम धाग्याचं दुखणं ओळखीचं आहे. त्या ओळीतल्या एखाद्या सेलवर जाऊन वरच्या पट्टीत पाहा. ‘७१२१/-’ किंवा ‘रु. ७१२१’ असं लिहिलेलं निघेल. पावतीबुकाची सवय कॉम्प्युटरवर उतरते. एक्सेलला तो आकडा नाही, मजकूर आहे, आणि चार्टमध्ये मजकुराची उंची शून्य. दुरून ओळखायचं तर आकडा सेलमध्ये उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे. त्या ओळीची बेरीज करून पाहा, शून्य येईल.

फाइंड-रिप्लेसमध्ये ‘/-’ शोधा, बदली काही लिहू नका, रिप्लेस ऑल. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर सेल फॉरमॅटमधून द्या, हातानं टाइप करू नका.

नावांचा काला म्हणजे जुना बिगर-युनिकोड फॉन्ट. सेलला तो फॉन्ट लावलेला असतो म्हणून तिथं मराठी दिसतं. चार्ट आपला स्वतःचा फॉन्ट घेतो, त्यामुळे आतली खरी इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. चार्टला तोच फॉन्ट लावून भागतं, पण मग अंकांचं काय होईल ते त्या फॉन्टवर. चारच नावं आहेत, युनिकोडमध्ये परत टाइप करा नि मोकळे व्हा.

घाटंजीकर

तिन्ही जमलं! खरंच ‘/-’ होतं, सहाच्या सहा सेलमध्ये. संचालक म्हणतात, "बरोबरच लिहिलं व्हतं बापा मी, चेकवर असंच लिहितात." आता काय सांगता त्यांना.

आता दिसण्याचं सांगा. चोवीस कॉलम झालेत, सगळे काडीसारखे बारीक, आणि मध्ये मोकळी जागा भरपूर. सहा रंगांचे सहा तऱ्हे. आकडे एकमेकांवर चढलेत.

तक्तेवाली

कुठल्याही एका कॉलमवर क्लिक करून कंट्रोल आणि १ दाबा. उजवीकडे फॉरमॅटची पट्टी उघडते. तिथं दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

‘सिरीज ओव्हरलॅप’ मुळात उणे २७ टक्के असतं, म्हणजे एकाच पिकाच्या दोन वर्षांमध्ये फट. ते शून्य करा, कॉलम एकमेकांना टेकतील. ‘गॅप विड्थ’ मुळात २१९ टक्के असते. हे टक्के एका कॉलमच्या रुंदीचे, म्हणजे दोन पिकांच्या मध्ये दोनहून जास्त कॉलमची जागा रिकामी पडून राहते. ती ७० च्या आसपास आणा. शून्य मात्र करू नका, नाहीतर कापूस कुठं संपला आणि सोयाबीन कुठं सुरू झालं ते कळणार नाही.

रंगांचं म्हणाल तर सहा वेगळे रंग हवेतच कशाला? वर्षं म्हणजे क्रम आहे, तर रंगातही क्रम असू द्या: २०२०-२१ ला फिकट राखाडी, पुढं गडद होत जाऊन २०२५-२६ ला पूर्ण काळा. एका वर्षाच्या कॉलमवर एकदा क्लिक केलं की त्या वर्षाचे चारही कॉलम निवडले जातात, तेव्हा सहा वेळा रंग दिला की झालं. तुमच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटचाही प्रश्न तिथंच मिटतो. लाल आणि हिरवा झेरॉक्समध्ये सारखेच राखाडी येतात, हे आधी लक्षात येत नाही. फिकट कॉलमना पातळ काळी कड द्या, म्हणजे पांढऱ्या कागदावर हरवणार नाहीत.

आकडे उभे करा: डेटा लेबलवर क्लिक, टेक्स्ट डायरेक्शनमध्ये २७० अंश. आणि आकडे लिहिल्यावर मागच्या आडव्या रेघा डिलीट करा. तेच दोनदा सांगायचं कारण नाही.

मोर्शीवाला

माझं मत वेगळं. चोवीस आकडे उभे-आडवे कशाला? पहिलं वर्ष आणि शेवटचं वर्ष, एवढ्यालाच लेबल लावा. सभेत मागच्या सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्याला मधले आकडे तसेही वाचता येणार नाहीत.

घाटंजीकर

मोर्शीवाले भाऊ, पटलं. दोनच वर्षांचे आकडे ठेवतो, मोठ्या अक्षरात.

आता नवीन भानगड. अध्यक्ष म्हणतात, खाली कोपऱ्यात लांब धाग्याचा फक्त गेल्या वर्षीचा आणि यंदाचा भाव असा छोटा चार्ट टाक. तो केला तर यंदाचा कॉलम गेल्या वर्षीच्या कितीतरी पट उंच दिसतोय! ७५२१ चे ८११० झाले, एवढंच. मोठ्या चार्टमध्ये तर असं होत नाही.

वाशीमचा मास्तर

डावीकडचा अक्ष पाहा, शून्यापासून सुरू होत नसेल. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातलं अंतर मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या हिश्शापेक्षा कमी असलं, की एक्सेल अक्ष आपल्या मनानं खालून कापतं. तुमच्याकडं अंतर ५८९, आणि ८११० चा सहावा हिस्सा साडेतेराशेच्या आसपास. म्हणून कापला. मोठ्या तक्त्यात ३८८० पासून ८११० पर्यंत पसारा आहे, तिथं शून्य आपोआप आलं.

समजा अक्ष ७२०० पासून सुरू झाला, तर एक कॉलम ३२१ चा आणि दुसरा ९१० चा दिसणार. बघणाऱ्याला वाटेल भाव जवळपास तिप्पट झाला. खरी वाढ ७.८ टक्के. कॉलम चार्टमध्ये डोळा उंची मोजतो, म्हणून बूड कापलेला कॉलम म्हणजे थापच. अक्षावर डबल क्लिक करा, ‘मिनिमम’मध्ये शून्य टाइप करा. एकदा हातानं शून्य दिलं की तो पुन्हा सरकत नाही.

मोर्शीवाला

शून्यापासून घेतलं तर दोन्ही कॉलम सारखेच दिसतील. मग चार्ट काढायचा कशाला?

वाशीमचा मास्तर

सारखेच दिसतील, कारण ते जवळपास सारखेच आहेत. दोन आकड्यांना चार्ट लागतच नाही. ‘गेल्या वर्षीपेक्षा क्विंटलमागं ५८९ रुपये जास्त’ असं ठळक अक्षरात लिहा, अध्यक्षही खूश.

तक्तेवाली

मास्तरांशी सहमत. आणि धागाकर्ते, तुमचे आकडे मी जरा फिरवून पाहिले. मोठ्या चार्टमध्ये तूर कापसाच्या बरोबरीनं उंच दिसते, त्यामुळे तुरीचं बरं चाललंय असा समज होईल. पण २०२०-२१ पासूनची वाढ काढली तर लांब धागा ३९.२ टक्के, मध्यम धागा ३९.८, सोयाबीन ३७.३ आणि तूर ३३.३. सगळ्यात कमी तुरीची. कोपऱ्यात छोटा चार्ट टाकायचाच असेल तर हा टाका. चारच कॉलम, एकच रंग, शून्यापासून.

अकोटचा अडत्या

राजेहो, सगळं ठीक, पण हमीभावाचा चार्ट लावून लोक तुम्हालाच विचारतील, "हा भाव भेटला कोणाले?" २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजाराच्या वर गेला होता, हमीभाव तेव्हा ६०२५. सोयाबीनचं उलटं, हमीभाव वर आणि बाजार खाली, हे आपण पाहिलंच आहे. बाजारभाव दाखवल्याशिवाय चार्ट अर्धा आहे.

घाटंजीकर

हाव, ते खरं आहे. आमच्या संकलन केंद्राच्या रजिस्टरात दरवर्षीचा सरासरी विक्रीभाव आहे. तो याच चार्टमध्ये बसवता येईल का? सेकंडरी अक्ष लागतो ना त्याला?

तक्तेवाली

सेकंडरी अक्ष नको! दोन्ही भाव रुपये प्रति क्विंटलच आहेत, तर मोजपट्टी एकच हवी. दुसरा अक्ष दिला की एक्सेल दोन्ही पट्ट्या आपापल्या ताणतं आणि सहा हजार व दहा हजार एकाच उंचीवर येऊ शकतात. पाऊस मिलिमीटरमध्ये आणि उत्पादन क्विंटलमध्ये असं काही असतं तेव्हा दुसरा अक्ष.

चारही पिकं एका चार्टमध्ये कोंबू नका. कापसाचा वेगळा काढा, यावेळी वर्षं खाली. हमीभावाचे कॉलम. मग चार्टवर उजवं क्लिक, ‘चेंज चार्ट टाइप’, ‘कॉम्बो’, आणि बाजारभावाला ‘लाइन विथ मार्कर्स’. रेघ कॉलमच्या वर असेल ते वर्ष बाजारानं तारलं. खाली असेल त्या वर्षी हमीभावाची खरेदी किती झाली ते सभेत विचारता येईल. सोयाबीनचाही असाच. आणि बाजारभाव तुमच्या केंद्राचा सरासरी आहे, हे चार्टखाली लिहा.

घाटंजीकर

करतो. अध्यक्षांना आता २००८-०९ पासूनचा कापूस पाहिजे झालाय, लांब धागा ३००० झाला तेव्हापासून. वर्ष टाइप केलं तर सप्टेंबर-०८ असं काहीतरी येतंय.

वाशीमचा मास्तर

२००८-०९ ला तो सन २००८ चा नववा महिना समजतो. २०११-१२ पर्यंत हा त्रास होईल. २०१२-१३ पासून पुढं नाही, कारण तेरावा महिना एक्सेलच्या पंचांगात नसतो. आपल्याकडं दुष्काळात येतो तो वेगळा. वर्षांचे सेल आधी ‘टेक्स्ट’ फॉरमॅट करा आणि मग टाइप करा, किंवा वर्षाच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह द्या. जे आधीच तारीख झाले ते नुसता फॉरमॅट बदलून परत येणार नाहीत, भलताच पाच अंकी आकडा दिसेल. पुन्हा टाइप करावे लागतील.

तक्तेवाली

आणि एवढी वर्षं झाली की प्रिंटसाठी चार्टवर क्लिक करून मगच प्रिंट द्या, म्हणजे तक्ता सोडून नुसता चार्ट पूर्ण पानभर येतो. कागद आडवा. जमलेला चार्ट उजवं क्लिक करून ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ करून ठेवा, पुढच्या सभेला रंग आणि गॅप पुन्हा लावत बसायला नको.

घाटंजीकर

टेम्प्लेट केलं. पेनड्राइव्ह घेऊन उद्या तालुक्याला निघतो. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलू नये म्हणून पीडीएफ करून नेलं तर चालेल ना?

वाशीमचा मास्तर

पीडीएफच न्या. फाइल त्याला उघडूच देऊ नका.