झाकणाची ओ-रिंग आधी बघा

इंदूरला पावसाळ्यात उघड्यावर उभ्या सेसना १७२ या छोट्या विमानाचं इंजिन अडखळलं, की लगेच ‘इंधनात भेसळ’ म्हणायची घाई नको. पंखावरच्या इंधनटाकीच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, नखाने दाबून बघा. कडक झाली, तडकली असेल तर पाणी तिथूनच झिरपत असण्याची शक्यता मोठी. चार पैशांची वस्तू, पण बदलायचं कुणाला सुचत नाही!

एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, निळं असतं. पाणी रंगहीन आणि जड, तळाशी बसतं. मात्र टाकीच्या तळातून काढलेल्या नमुन्याची कुपी निव्वळ पाण्यानेच भरली तर पाणी आणि इंधन यांच्या मधली रेघ दिसणारच नाही, म्हणून रंगही बघायचा. टाक्यांचे सगळे ड्रेन (तळाचे निचरा-झडप) तपासून गॅसकोलेटर, म्हणजे इंजिनाआधीची पाणी-गाळ अडवणारी गाळणी, मात्र सोडून देतात, तेही नको. पाणी निघालं तर पंख हलवून, थोडं थांबून पुन्हा नमुना काढा.